आर्वीचा मानी आकडा

दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर पत्ता लिहिताना शेवटचे सहा आकडे आपण यंत्रासारखे खरडतो. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीला पत्र घालायचे असेल, तर मात्र क्षणभर हात थांबवावा. ४४२२०१! दिसायला साधा, पण मोठा मानी आकडा. ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही.

पिन क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाले. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि शिवाय संस्कृत कवी. एकाच नावाची अनेक गावे ही टपालवाल्यांची जुनी डोकेदुखी. आर्वीच पाहा ना. एक पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळही आहे! क्रमांक विभागवार पडत गेले आणि हे दान वऱ्हाडाशेजारच्या आर्वीच्या पदरात पडले. वर्ध्याच्या ४४२००१ ला ७ ने भाग जातो, हिंगणघाटच्या ४४२३०१ ला १९ ने.

याची खात्री कशी करायची? ६६५ चा वर्ग ४४२२२५, म्हणजे आपल्या आकड्याहून थोडा मोठा. आकड्याचे दोन भाजक असतेच, तर त्यांतला एक ६६५ हून लहान असता. तेव्हा २ पासून ६६१ पर्यंतच्या १२१ मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिला की झाले. ६७ तर अगदी दारापर्यंत येतो : ६७ गुणिले ६६०० म्हणजे ४४२२००. एक उरतो!

याहून गोड गंमत पुढेच आहे. ज्या मूळ संख्येला ४ ने भागून बाकी १ उरते, ती दोन वर्गांची बेरीज असते आणि अशी जोडी एकच असते. सतराव्या शतकात फर्माने हे सांगितले, सिद्धता पुढे ऑयलरने दिली. आर्वीची जोडी ६०५ आणि २७६. वर्ग ३६६०२५ आणि ७६१७६. घरातल्या शाळकरी मुलाने बेरीज करून पाहावी. दुसरी जोडी शोधण्यात मात्र त्याने सुट्टी घालवू नये.

'या उद्योगाचा उपयोग काय?' असे गृहिणी विचारतील. आर्वीचा आकडा तेवढ्याच दुसऱ्या मूळ संख्येने गुणणे पाच मिनिटांचे काम. पण नुसता गुणाकार हाती देऊन मूळचे दोन आकडे मागितले, तर हजारो भागाकार करावे लागतील. शेकडो अंकी मूळ संख्या घेतल्या की यंत्रेही हात टेकतात. रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन यांनी १९७७ मध्ये याच अडचणीचे कुलूप केले. संगणकावरून धाडलेला गुप्त मजकूर असल्या कुलपांनी राखता येतो.

मूळ संख्यांना अंत नाही, हे युक्लिडने फार पूर्वी सिद्ध केले. तरी मोठीहून मोठी शोधण्याचा नाद सुटत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ल्यूक ड्युरंटने शोधलेली संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे : दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा एक. पानावर चार हजार अंक बसवले, तरी ती छापायला दहा हजारांवर पाने लागतील. एवढा जाड दिवाळी अंक कुठलेच संपादक काढणार नाहीत!