जर्मनीत गल्लोगल्ली व्हिएतनामी हॉटेलं का दिसतात? परवडणाऱ्या जेवणामागची गोष्ट

जर्मनीत शिकायला जायचं असेल, तर व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच बँकेत दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. हे पैसे 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये असतात आणि तिथं पोचल्यावर त्यातून महिन्याला फक्त ९९२ युरो काढता येतात. खोलीचं भाडं, आरोग्य विमा, फोन आणि किराणा, सगळं त्यातच बसवायचं.

असा हिशोब मांडणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये हा तिथला सर्वांत मोठा गट. त्यात पुण्या-मुंबईची, नाशिक-नागपूरची मुलंही आली.

रोज बाहेर खाणं या बजेटमध्ये बसत नाही. पण थंडीत लेक्चर संपवून घरी आल्यावर रोज कुकर लावायचीही ताकद नसते. अशा वेळी नव्यानं आलेल्यांना जुनी मंडळी बहुतेकदा दोन पर्याय सांगतात. एक तुर्की डोनर आणि दुसरा व्हिएतनामी हॉटेल. गरम, पोटभर आणि त्यातल्या त्यात खिशाला झेपणारं.

डोनरचं कारण बहुतेकांना माहीत असतं. पश्चिम जर्मनीनं १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले होते. पण व्हिएतनामी लोक इतक्या दूर जर्मनीत कसे पोचले? आणि त्यातले इतके जण हॉटेलच्याच धंद्यात कसे आले?

एक देश, दोन वाटा

३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं आणि व्हिएतनाम युद्ध संपलं. त्यानंतर दक्षिण व्हिएतनाममधून लाखो लोक मिळेल त्या होडीतून समुद्रमार्गे पळाले. जग त्यांना 'बोट पीपल' म्हणू लागलं. पुढच्या वीस वर्षांत जवळपास ८ लाख लोक अशा होड्यांमधून दुसऱ्या देशांच्या किनाऱ्याला लागले. वाटेत किती बुडाले, याची पक्की मोजदाद नाही.

त्या वेळी जर्मनीचे दोन देश होते. १९७८ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याचे मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेश्त यांनी 'हाय हाँग' या जहाजावर अडकलेल्या १,००० निर्वासितांना घेण्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी पत्रकार रुपर्ट नॉयडेक यांनी लोकवर्गणीतून 'काप अनामूर' हे जहाज मिळवलं. या मोहिमेनं समुद्रातून १० हजारांहून जास्त माणसं वाचवली. पश्चिम जर्मनीत आलेल्या या लोकांना राहण्याची परवानगी, भाषेचे वर्ग आणि कामाचा हक्क मिळाला.

पूर्व जर्मनीतली कहाणी वेगळी होती. तिथं कम्युनिस्ट सरकार होतं, कारखाने होते आणि माणसं कमी होती. व्हिएतनाम हा मित्रदेश, पण युद्धानं कंगाल झालेला. १९८० मध्ये दोन्ही देशांत कामगार पुरवण्याचा करार झाला. १९८९ पर्यंत पूर्व जर्मनीत सुमारे ६० हजार व्हिएतनामी कंत्राटी कामगार होते.

हे कामगार ठरावीक वर्षांसाठीच यायचे. कुटुंब आणायला मनाई होती. राहायला कारखान्याचं होस्टेल, माणशी जागा जेमतेम पाच चौरस मीटर. पगारातले १२ टक्के 'मायदेशाच्या उभारणीसाठी' कापले जायचे. एखादी कामगार बाई गरोदर राहिली, तर तिच्यापुढे दोनच पर्याय असायचे: गर्भपात किंवा परतीचं विमान. ही सक्ती अगदी शेवटी, १९८९ मध्ये सैल झाली.

भिंत पडली, नोकरी गेली

९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत पडली. जर्मन लोक जल्लोष करत होते, पण या कामगारांच्या पायाखालची जमीन सरकली. पूर्वेकडचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि पहिली कुऱ्हाड परदेशी कामगारांवर आली. ज्या सरकारशी करार झाला होता, ते सरकारच उरलं नाही.

परत जाणाऱ्याला विमानाचं तिकीट आणि ३,००० मार्क देऊ केले गेले. निम्म्याहून जास्त लोकांनी ते स्वीकारले. उरलेले थांबले, पण कशाच्या भरवशावर? नोकरी नव्हती आणि राहण्याचा पक्का परवानाही नव्हता. काही जण चोरट्या सिगारेटच्या विक्रीत गेले आणि त्यांच्यामुळे सगळ्या समाजावर शिक्का बसला.

त्यातच ऑगस्ट १९९२ उजाडला. रोस्टॉक शहराच्या लिश्टनहागन भागात जमावानं निर्वासितांच्या केंद्रावर आणि शेजारच्या व्हिएतनामी कामगारांच्या इमारतीवर हल्ले सुरू केले. २४ ऑगस्टच्या रात्री इमारतीला आग लावली गेली तेव्हा आत शंभराहून जास्त व्हिएतनामी माणसं होती. ती छतावरून शेजारच्या इमारतीत गेली, म्हणून वाचली. खाली जमलेले हजारो लोक टाळ्या वाजवत होते.

१९९३ मध्ये सरकारनं या कामगारांसाठी एक नियम आणला. स्वतःचं पोट स्वतः भरता हे दाखवा, गुन्ह्याची नोंद नसू द्या, मग राहता येईल. बेकारीनं होरपळलेल्या पूर्व जर्मनीत त्यांना नोकरी देणारं जवळपास कोणी नव्हतं. मग उरला स्वतःचा धंदा. फुलांचं दुकान, भाजीचा गाळा, कपड्यांची हातगाडी आणि 'इम्बिस', म्हणजे उभ्या उभ्या खायचा छोटा स्टॉल.

आज गल्लोगल्ली दिसणाऱ्या हॉटेलांचं मूळ इथं आहे. त्यातल्या कित्येकांसाठी हॉटेल ही हौस नव्हती. गल्ल्यात रोज जमणारे पैसे हा देशात राहण्यासाठीचा पुरावा होता.

मग पाटीवर 'चायनीज' का?

नव्वदच्या दशकातल्या जर्मन गिऱ्हाइकाला व्हिएतनामी जेवण माहीत नव्हतं. त्याला 'चायनीज' माहीत होतं. म्हणून अनेक व्हिएतनामी कुटुंबांनी पाटीवर 'आशिया इम्बिस' किंवा 'चायना' लिहिलं आणि तळलेल्या नूडल्स, गोडसर सॉसमधलं बदक विकायला घेतलं. पुढे सुशीची लाट आली तेव्हा त्यांनीच सुशीही आणली. दुकानदार स्वतः मागच्या खोलीत फो खायचा आणि पुढे मात्र चाऊमीन विकायचा.

आपल्याकडच्या गाडीवरच्या 'शेजवान'चा चीनशी जेवढा संबंध, तेवढाच त्या पदार्थांचा.

२००० नंतर चित्र बदललं. पर्यटक व्हिएतनामला जाऊ लागले, जर्मनीत वाढलेली दुसरी पिढी धंद्यात आली आणि फो, बुन चा, बान्ह मी ही नावं उघडपणे पाटीवर झळकली. आज जर्मनीत व्हिएतनामी वंशाचे सुमारे २ लाख लोक राहतात.

इतकं परवडतं कसं?

पहिलं कारण पदार्थातच आहे. फो म्हणजे तांदळाच्या पट्टीसारख्या नूडल्स, वर गरम रस्सा आणि मांसाचे पातळ काप. रस्सा हाडांपासून होतो आणि हाडं स्वस्त मिळतात. मोठं पातेलं अनेक तास मंद आचेवर ठेवायचं. गिऱ्हाईक आलं की नूडल्स उकळत्या पाण्यात बुडवायच्या आणि वर रस्सा ओतायचा. पाच मिनिटांत वाडगा तयार. एकदोन माणसं अख्खं दुपारचं गिऱ्हाईक सांभाळू शकतात.

दुसरं कारण माल. बर्लिनच्या लिश्टनबेर्ग भागात जुन्या कारखान्याच्या जागेवर 'दोंग सुआन सेंटर' हा मोठा घाऊक बाजार उभा आहे. नाव हनोईतल्या प्रसिद्ध बाजाराचं. लांबलचक शेडमध्ये नूडल्सच्या खोक्यांपासून कढया, ताज्या भाज्या आणि कपड्यांपर्यंत सगळं मिळतं. छोटे हॉटेलवाले इथून थेट माल उचलतात.

तिसरं कारण घरची माणसं. वडील भट्टीवर, आई गल्ल्यावर, मुलं शाळेतून आल्यावर टेबलं पुसायला. या कष्टाचे तास बिलात दिसत नाहीत. मुंबईतल्या इराणी आणि उडुपी हॉटेलांनीही दर कमी ठेवले, त्यामागे अशीच दिवसाचे चौदा-पंधरा तास राबणारी माणसं होती.

याची काळी बाजूही आहे. व्हिएतनाममधून दलालांमार्फत आणलेल्या लोकांना नेल स्टुडिओ आणि हॉटेलांत राबवून घेतल्याची प्रकरणं जर्मन तपास यंत्रणांनी उघडकीला आणली आहेत. जर्मनीत २०१५ पासून किमान वेतनाचा कायदा आहे. त्यामुळे शेजारच्या चार हॉटेलांपेक्षा एखाद्याचा दर फारच खाली असेल, तर ती बचत कुणाच्या पगारातून झाली, हा प्रश्न पडायला हवा.

चांगलं हॉटेल ओळखायचं कसं?

- मॅपवर 'एशियन रेस्टॉरंट' शोधू नका. पदार्थाचं नाव टाका: फो, बुन चा, बान्ह मी. फोचा उच्चार खरं तर 'फऽ'च्या जवळचा आहे.
- मेन्यू जितका छोटा, तितकं बरं. एकाच कार्डावर सुशी, थाई करी, चायनीज बदक आणि फो असेल, तर रस्सा रोज ताजा बनण्याची शक्यता कमी.
- रस्सा पारदर्शक हवा, पण पाणचट नको. वास आला की मराठी नाकाला ओळख पटते. त्यात चक्रीफूल, दालचिनी, लवंग आणि मसाला वेलदोडा असतो. हे सगळं गोड्या मसाल्यातही पडतं. वाटणासाठी आपण कांदा विस्तवावर भाजतो, तसेच फोसाठी कांदा आणि आलं भाजून घेतात. भारतात येणारं चक्रीफूलही मोठ्या प्रमाणावर व्हिएतनाममधूनच येतं.
- सोबत ताजा पाला येतो का बघा. कोथिंबीर, पुदिना, तुळशीच्या जातीची पानं, मोड आलेले मूग, लिंबू. दक्षिण व्हिएतनामी पद्धतीत हे ताट भरून येतं. उत्तरेकडच्या, म्हणजे हनोईच्या पद्धतीत पाला कमी आणि रस्सा साधा असतो. पूर्व जर्मनीत उत्तरेकडचे लोक बरेच असल्यानं बर्लिनमध्ये हनोईची चव सहज सापडते.
- दुपारी जा. बऱ्याच ठिकाणी दुपारच्या जेवणाचे दर रात्रीपेक्षा कमी असतात. रोख पैसे जवळ ठेवा, कारण छोट्या हॉटेलांत कार्ड चालेलच असं नाही.

बजेट अगदीच तंग असेल तर बान्ह मी शोधा. फ्रेंचांनी व्हिएतनामला पाव दिला आणि तिथल्या लोकांनी त्यात लोणच्यासारखं आंबवलेलं गाजर-मुळा, कोथिंबीर आणि मिरची भरली. पोर्तुगीजांच्या पावात बटाटेवडा घालणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

शाकाहारी असाल तर 'चाय' मागा

इथं नव्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत होते. मेन्यूवर 'टोफू' लिहिलं म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला असं नाही. रस्सा हाडांचा असू शकतो आणि बहुतेक चटण्यांमध्ये 'नुओक माम', म्हणजे मासे मिठात आंबवून केलेला सॉस पडतो. फो 'बो' म्हणजे बीफ आणि फो 'गा' म्हणजे चिकन, हेही लक्षात ठेवा. चिकन मागितलं तरी रस्सा कशाचा आहे ते विचारावं.

शाकाहारासाठी व्हिएतनामी शब्द आहे 'चाय'. उच्चार अगदी आपल्या चहासारखा. बौद्ध परंपरेतले अनेक व्हिएतनामी लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास मांसाहार टाळतात. त्यामुळे 'फो चाय' म्हटलं की काय हवंय ते स्वयंपाकघरात नेमकं कळतं. बर्लिनमध्ये तर पूर्ण शाकाहारी व्हिएतनामी हॉटेलंही आहेत.

आणखी एक सोय कायद्यानं दिली आहे. युरोपियन युनियनच्या नियमांनुसार हॉटेलांना ॲलर्जी होऊ शकणाऱ्या १४ घटकांची माहिती द्यावीच लागते आणि त्यात मासे येतात. जर्मन मेन्यूत पदार्थापुढे बारीक अक्षरं किंवा आकडे असतात. त्यांचा अर्थ बहुतेकदा शेवटच्या पानावर दिलेला असतो. माशांचं चिन्ह दिसलं की विचारून घ्या.

जर्मनीबाहेर काय?

हेच सूत्र बाकी शहरांतही उपयोगी पडतं. पॅरिसचा १३ वा विभाग, सिडनीतलं काब्रामाटा, मेलबर्नमधलं फुट्सक्रे, कॅलिफोर्नियातलं 'लिटल सायगाव', हे भाग मुख्यतः १९७५ नंतरच्या निर्वासितांनी घडवले. प्रागमधला 'सापा' बाजार मात्र बर्लिनसारखाच, कम्युनिस्ट काळातल्या करारांतून आलेल्या लोकांचा. शहराच्या मधल्या पर्यटकी चौकापेक्षा अशा वस्तीत दर कमी आणि चव खरी मिळण्याची शक्यता जास्त.

पण ही हॉटेलं कायम अशीच राहतील, असं नाही. ज्या मुलांनी टेबलं पुसत गृहपाठ केला, ती शिक्षणात पुढे गेली. त्यांच्यातले अनेक जण आज डॉक्टर, इंजिनीअर, पत्रकार आहेत. काहींनी घरचं हॉटेल नव्या रूपात, नव्या दरानं उघडलं. काहींच्या आईवडिलांनी मात्र दुकान विकून टाकलं. मुलांना भट्टीपुढे उभं राहावं लागू नये, म्हणूनच तर त्यांनी ते उघडलं होतं.