पहिल्या नंबरचा माल आणि त्याचा भाव

घाऊक बाजारात बसणारा प्रत्येक जण एक गोष्ट जाणतो. माल चांगला असणे वेगळे आणि सौदा चांगला असणे वेगळे. उत्तम प्रतीचा ताका चढ्या भावाने घेतला तर घाटा येतो, आणि मध्यम प्रतीचा ताका वाजवी भावात मिळाला तर चार पैसे सुटतात. ही साधी बाब अब्जावधी डॉलरची उलाढाल करणारे लोकसुद्धा विसरतात. त्याचा ठळक दाखला म्हणून अमेरिकेतील फुटबॉल संघ खेळाडूंची किंमत कशी ठरवतात, ते आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांना खेळात रस नाही त्यांनीही हा मजकूर वाचावा. विषय खेळाचा दिसतो, पण आहे खरेदीचा.

नंबर लावून खरेदी

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडे पायाने खेळतात तो खेळ नव्हे. तेथे चेंडू लंबगोल असतो आणि तो हातात घेऊन पळतात किंवा फेकतात. चेंडू फेकून सारा डाव चालवणाऱ्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. तोच संघाचा कणा. एनएफएल या व्यावसायिक संघटनेत ३२ संघ आहेत. दरवर्षी एप्रिलच्या सुमारास हे संघ कॉलेजातून बाहेर पडणारे तरुण खेळाडू निवडतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात.

आपल्याकडे आयपीएल क्रिकेटमध्ये २००८ पासून खेळाडूंचा लिलाव होतो. ज्याची बोली मोठी, त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते, नंबर असतो. मागील मोसमात जो संघ तळाला राहिला त्याला पहिला नंबर मिळतो, आणि जो विजेता ठरला त्याला फेरीतला शेवटचा. अशा सात फेऱ्या होतात. ही पद्धत फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी सुचवली आणि १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला. श्रीमंत संघांनी सगळे चांगले खेळाडू उचलून नेऊ नयेत, हा त्यामागचा हेतू.

मात्र येथे एक खुबी आहे. हा नंबर विकता येतो. मागचे चार नंबर देऊन पुढचा एक घेता येतो, पुढील सालाचा नंबर देऊन यंदाचा घेता येतो. म्हणजे खेळाडूंची बोली बंद झाली तरी बाजार बंद झाला नाही. तो खेळाडूंऐवजी नंबरांचा झाला.

पारख कशी होते

प्रत्येक संघाकडे पगारी पारखी असतात. ते वर्षभर कॉलेजांचे सामने पाहतात, प्रशिक्षकांकडे चौकशी करतात, चित्रफिती पुन्हा पुन्हा तपासतात. त्यानंतर इंडियानापोलिस शहरात तीनशेहून अधिक निवडक खेळाडूंची एकत्र तपासणी होते. चाळीस यार्ड किती सेकंदांत धावतो, २२५ पौंडांचे वजन किती वेळा उचलतो, उंच उडी किती घेतो, हे मोजले जाते. हाताच्या पंजाचे मापही घेतात. डॉक्टर गुडघे आणि खांदे पाहतात. पूर्वी बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची अकलेची परीक्षाही होई, ती २०२२ पासून या तपासणीत घेतली जात नाही.

एवढी मेहनत करून हाती काय लागते? २००० साली टॉम ब्रॅडी नावाचा तरुण चाळीस यार्ड ५.२८ सेकंदांत धावला. ही गती फारच मंद होती. त्याला सहाव्या फेरीत १९९ व्या नंबरवर न्यू इंग्लंड संघाने घेतले. पुढे त्याने सुपर बोल हा अंतिम सामना सात वेळा जिंकला. उलट २०१७ साली जॉन रॉस ४.२२ सेकंदांत धावला. तेव्हाचा तो विक्रम होता. सिनसिनाटीच्या संघाने त्याला नवव्या नंबरवर उचलले, पण चार मोसमांत त्याच्या हातून फारसे काही घडले नाही.

कापडाच्या धंद्यात आम्ही हेच पाहतो. पन्ना मोजता येतो, वजन करता येते, पोत हाताला कळतो. पण दोन धुलायांनंतर रंग टिकेल की नाही हे ताका उलगडून समजत नाही. जे मोजता येते तेच महत्त्वाचे, असे मोजणाऱ्याला वाटू लागते.

ब्रॅडीच्या बाबतीत लोक न्यू इंग्लंडच्या नजरेची तारीफ करतात. जरा विचार केला तर दिसेल की त्या संघालाही त्याची किंमत कळली नव्हती. कळली असती तर पाच फेऱ्या दुसऱ्यांना घेण्यात घालवून ते सहाव्या फेरीपर्यंत थांबले नसते.

भावाचा तक्ता

१९८९ साली डॅलस संघाने हर्शेल वॉकर हा आपला नामांकित खेळाडू मिनेसोटाला देऊन टाकला आणि बदल्यात काही खेळाडू व नंबरांचा मोठा साठा मिळवला. त्या वेळी लोकांनी डॅलसला हसून घेतले. पुढे याच साठ्याच्या जोरावर उभा राहिलेला संघ १९९३, १९९४ आणि १९९६ मध्ये सुपर बोल जिंकला.

नंबर पुष्कळ झाले की त्यांच्या अदलाबदलीचा हिशेब लागतो. तेव्हा संघाचे एक भागीदार माइक मकॉय, जे पेशाने इंजिनिअर होते, यांनी प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्यासाठी एक तक्ता बनवला. पहिल्या नंबरला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, दहाव्याला १३००, बत्तिसाव्याला ५९०. हळूहळू हा तक्ता सर्व संघांकडे पोहोचला आणि सौदे त्यावरून होऊ लागले.

येथे व्यापाऱ्याने कान टवकारावेत. हा तक्ता कशावरून बनला? आधीच्या सौद्यांवरून. कोणत्या नंबरचा खेळाडू मैदानावर किती उपयोगी पडला, यावरून नव्हे. तो बाजारभावाचा कागद होता, मालाच्या गुणाचा नव्हे. सर्वांच्या हातात एकच कागद आला की तोच भाव खरा वाटतो आणि मूळ प्रश्न कोणी विचारीत नाही.

दोन प्राध्यापकांचा हिशेब

तो प्रश्न केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी विचारला. थेलर यांना पुढे २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या दोघांचा निबंध प्रथम २००५ मध्ये पुढे आला आणि २०१३ मध्ये एका मान्यवर नियतकालिकात छापला गेला. त्यांनी तीन आकडे शेजारी मांडले : नंबरचा भाव, खेळाडूला दिलेला पगार आणि खेळाडूने केलेली कामगिरी.

त्यांना आढळले की नंबर मागे सरकतो तसा भाव कड्यावरून कोसळावा तसा उतरतो, पण कामगिरी मात्र सौम्य उताराने कमी होते. पहिल्या नंबरचा खेळाडू सरासरीने अधिक चांगला असतो हे खरे, पण त्याच्यासाठी जेवढे जास्त मोजले जाते तेवढा तो जास्त चांगला नसतो. त्या काळच्या पगारांचा हिशेब धरता खर्ची घातलेल्या पैशाच्या मानाने सर्वांत जास्त फायदा दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीच्या खेळाडूंत निघत होता.

दुसरा आकडा अधिक बोलका आहे. एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू एकामागून एक निवडले गेले, तर आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता किती? सर्व फेऱ्या धरून ५२ टक्के. पहिल्या फेरीत ५६ टक्के. नाणे उडवले तर ५० टक्के येतात. म्हणजे लाखो डॉलर खर्चून केलेली पारख नाण्याच्या थोडीच पुढे जाते.

तिसरा आकडा उधारीचा. बाजारात असा रिवाज पडला होता की यंदा दुसऱ्या फेरीतील नंबर हवा तर पुढच्या वर्षी पहिल्या फेरीतील नंबर द्यायचा. थेलर यांनी याचा हिशेब व्याजाच्या भाषेत मांडला तेव्हा तो सालीना १३६ टक्के निघाला. कोणताही सावकार लाजेल असा हा दर. तरी संघ तो खुशीने देत होते, कारण ज्याला यंदा जिंकायचे आहे त्याला पुढील साल फार दूर दिसते.

असे का घडते, यालाही कारण आहे. एकाच गाठीवर दहा व्यापाऱ्यांनी अंदाज बांधला तर काहींचा कमी निघेल, काहींचा जास्त. माल कोणाच्या पदरात पडेल? ज्याचा अंदाज सर्वांत चढा, त्याच्या. म्हणजे माल मिळाला याचाच अर्थ बहुधा आपण इतर नऊ जणांपेक्षा जास्त आशा धरली. मेक्सिकोच्या आखातातील तेलाच्या लिलावांत हीच गोष्ट तेल कंपन्यांच्या इंजिनिअरांनी १९७१ साली लिहून ठेवली होती.

एकाच पेढीतील दोन सौदे

सॅन फ्रान्सिस्को संघाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०२१ मध्ये त्यांचा नंबर बारावा होता. तेथून तिसऱ्या नंबरवर जाण्यासाठी त्यांनी आपला बारावा नंबर, २०२२ आणि २०२३ चे पहिल्या फेरीतील नंबर आणि वर तिसऱ्या फेरीतील एक नंबर दिला. ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक त्यातून घेतला. त्याला दुखापत झाली. दोन मोसमांत तो सुरुवातीपासून केवळ चार सामने खेळला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीतील एका नंबरच्या बदल्यात डॅलसला देण्यात आला.

याच संघाने २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू घेतला. तो ब्रॉक पर्डी. शेवटच्या खेळाडूला तेथे गमतीने 'बिनकामाचे साहेब' अशा अर्थाचा किताब देतात. पर्डीने फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाला सुपर बोलपर्यंत नेले. त्या मोसमात त्याचा पगार दहा लाख डॉलरच्या आत होता. पारखी तेच, मालक तेच, मुदत एका वर्षाच्या अंतराची. महाग सौदा बुडाला आणि बिनमोल समजलेला तरला.

वॉशिंग्टन संघाने २०१२ मध्ये असेच केले. सेंट लुईसला त्या साली दोन आणि पुढील दोन वर्षांचे पहिल्या फेरीतील नंबर देऊन त्यांनी दुसऱ्या नंबरवर रॉबर्ट ग्रिफिन घेतला. पहिले वर्ष झकास गेले, नंतर गुडघा जायबंदी झाला. त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत सहज घेतलेला कर्क कझिन्स २०१५ मध्ये त्याच्या जागी आला. ३० नोव्हेंबर २०१४ रोजी दोन्ही संघांचा सामना होता. नाणेफेकीला सेंट लुईसने या सौद्यातून मिळालेले सहा खेळाडू कप्तान म्हणून मैदानात पाठवले आणि सामना २४-० असा जिंकला.

मजुरीचा प्रश्न

या सगळ्यात खेळाडूची बाजूही पाहिली पाहिजे. २०१० साली पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला. २०११ मध्ये नवोदितांच्या पगारावर मर्यादा आली आणि त्या वर्षीच्या पहिल्या नंबरला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे २ कोटी २० लाख मिळाले. म्हणजे पहिल्या नंबरचा खेळाडू संघाला आता पूर्वीइतका महाग पडत नाही, आणि प्राध्यापकांचा जुना हिशेब त्या प्रमाणात बदलतो. पगार नंबरवर बांधलेला असल्याने जागा कोणती हेही पाहावे लागते. मुरलेल्या क्वार्टरबॅकला बाजारात फार मोठी रक्कम द्यावी लागते. डॅलसने २०२४ मध्ये डॅक प्रेस्कॉटला सालीना ६ कोटी डॉलर कबूल केले. चेंडू घेऊन पळणाऱ्या उत्तम खेळाडूला, सॅक्वान बार्कलीला, २०२५ मध्ये सुमारे २ कोटी मिळाले. म्हणून एकाच नंबरवर क्वार्टरबॅक साधला तर बचत मोठी होते. पण त्याच लोभाने पुढच्या नंबरासाठी वाटेल ती किंमत दिली जाते.

ही बचत आकाशातून पडत नाही. ती तरुण खेळाडूच्या घामातून येते. त्याला संघ निवडता येत नाही आणि भावही करता येत नाही. एकाच्या कमी पगारातून दुसऱ्याचा मोठा पगार निघतो, कारण संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. पर्डीने मात्र वाट पाहिली आणि २०२५ मध्ये पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाखांचा करार मिळवला. प्रत्येकाला इतका वेळ मिळत नाही. अनेकांचे गुडघे कराराआधीच संपतात.

आपल्या कामाचे काय?

व्यापारी बंधूंनी यातून तीन गोष्टी घ्याव्यात, असे आम्हांस वाटते. पहिली, भाव ठरवताना सर्व बाजार काय देतो याबरोबर माल काय देणार हेही लिहून काढावे, आणि दुकानात शिरण्याआधी आपली कमाल मर्यादा ठरवावी. दुसरी, ईदच्या हंगामाच्या घाईत पुढील हंगामाचे भांडवल गहाण टाकू नये. आजच्या घाईचा दर फार मोठा असतो. तिसरी, जेथे पारख नाण्यापेक्षा थोडीच पुढे आहे तेथे सारी रक्कम एका गाठीवर लावण्यापेक्षा चार मध्यम गाठी घेणे शहाणपणाचे. त्यांतली एक तरी चांगली निघते.

कारागीर ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. मागावर नवीन पोरगा येतो तेव्हा त्याची शिफारस, त्याचे गाव, त्याचे बोलणे पाहून आपण त्याचा नंबर लावून टाकतो. २६२ व्या नंबरचा माणूसही पेढी चालवू शकतो. त्याला काम देऊन पाहावे, आणि त्याचा हुनर दिसला की मजुरी वाढवायला उशीर करू नये. नाही तर तोच कारागीर उद्या शेजारच्या कारखान्यात बसलेला दिसेल.