ख्रिस्ती शेजाऱ्यांचा परलोक

गतवर्षीं मार्गशीर्षांत आमच्या जठारपेठेंतील एक वृद्ध ख्रिस्ती शिक्षक निवर्तले. एकाच शाळेंत त्यांनीं व आम्हीं अनेक वर्षें अध्यापन केलें होतें. समाचारास गेलों असतां आम्ही सवयीप्रमाणें त्यांच्या कन्येस म्हणालों, "बाळ, आत्मा अमर आहे. देह म्हणजे जीर्ण वस्त्र. तें गेलें म्हणून शोक कशास?" ती शांतपणें म्हणाली, "गुरुजी, बाबांचा नुसता आत्मा राहील एवढीच आमची आशा नाहीं. बाबाच पुन्हां उठतील."

इतक्या वर्षांच्या सहवासांत त्यांच्या धर्मांतील ही मुख्य गोष्ट आम्हीं कधीं विचारली नव्हती, याची आम्हांस लाज वाटली. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांची स्थिति अशीच असेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

शब्दसाम्यामुळें आपला गैरसमज होतो. फादर स्टीफन्स यांनीं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचिलें. तें 1616 सालीं गोव्यांतील रायतूर येथें छापलें गेलें. त्यांत स्वर्गास 'वैकुंठ' हाच शब्द योजिला आहे. परंतु शब्द आपला असला तरी आशय निराळा. आपल्या शास्त्राप्रमाणें पुण्य सरलें कीं स्वर्गांतून मृत्युलोकीं परत यावें लागतें. ख्रिस्ती मतें जन्म एकच, मरण एकच, आणि त्यानंतर ईश्वरापुढें न्याय. पूर्वजन्म नाहीं, पुनर्जन्महि नाहीं. जें साधावयाचें तें याच जन्मीं.

दुसरा भेद देहाविषयीं आहे. देहाच्या बंधनांतून सुटणें हें आपण श्रेय मानतों. ख्रिस्ती मतें देह हीहि ईश्वराचीच कृति. म्हणून अंतीं तोहि उठावयाचा. येशू तिसऱ्या दिवशीं कबरेंतून उठला, त्याचप्रमाणें युगान्तीं सर्व मृत उठतील, असा त्यांचा विश्वास आहे. मात्र तो देह आजचा रोगजर्जर देह नव्हे. संत पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत बीजाचा दृष्टांत दिला आहे. आम्हां वऱ्हाडांतील लोकांस तो समजण्यास कठीण नाहीं. मृगाच्या पावसावर पेरलेली सरकी आणि दिवाळीच्या सुमारास बोंडांनीं फुललेली पऱ्हाटी यांचें रूप एक नाहीं. परंतु ही पऱ्हाटी त्याच सरकीची, यांत संशय नाहीं.

मग मरणापासून त्या अंतिम दिवसापर्यंत जीव कोठें असतो? येथें त्यांच्यांतहि मतभेद आहेत. रोमन कॅथलिक लोक मानतात कीं, ईश्वराच्या कृपेंत परंतु अपूर्ण शुद्धीनें मेलेल्या जीवास स्वर्गापूर्वीं शुद्धीच्या अवस्थेंतून जावें लागतें. जिवंतांच्या प्रार्थनेचा व मिस्सेचा त्यास उपयोग होतो. दरसाल 2 नोव्हेंबर हा त्यांच्या सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस; आपल्या पितृपक्षाची येथें आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. 1517 सालीं ल्यूथरनें पापदंडाच्या माफीपत्रांवर आक्षेप घेतला, व पुढें प्रॉटेस्टंट पंथांनीं ही मधली अवस्थाच नाकारली. त्यांच्या मतें तारण केवळ श्रद्धेनें व कृपेनें; मृतासाठीं जिवंतांनीं करावयाचें कांहीं उरत नाहीं.

आमचे स्नेही प्रॉटेस्टंट होते. दहाव्या दिवशीं पिंडाला कावळा शिवेपर्यंत जीव मुठींत धरून बसणाऱ्या आमच्यासारख्यांस हें प्रथम कठोर वाटलें. आम्हीं तसें बोलूनहि दाखविलें. तेव्हां ती कन्या म्हणाली, "करावयाचें राहिलें असतें तर माझ्या हातून चूक होईल कीं काय, ही भीति राहिली असती. आतां बाबा देवाच्या स्वाधीन आहेत." या उत्तरावर आम्ही निरुत्तर झालों.

देह उठावयाचा म्हणून तो पुरलाच पाहिजे काय? रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें उदाहरण येथें बोलकें आहे. 1895 सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व 1919 सालीं मुंबईस देह ठेविला. त्यांच्या इच्छेनुरूप त्यांचें दहन झालें, आणि अस्थि अहमदनगरास नेऊन पुरण्यांत आल्या. ज्यानें मातींतून मनुष्य घडविला त्यास राखेंतून उठविणें अवघड नाहीं, हाच त्यांतील भाव म्हणावयाचा. रोमन कॅथलिक धर्मपीठानेंहि 1963 सालीं दहनाची मुभा दिली. मात्र रक्षा विखरूं नये, घरींहि ठेवूं नये, पवित्र स्थळीं ठेवावी, असें त्यांनीं 2016 सालीं स्पष्ट केलें. आपण अस्थि नदीच्या स्वाधीन करून मोकळे होतों. ते त्या जपून ठेवितात. दोन्ही आचारांच्या मुळाशीं देहाविषयींची निरनिराळी कल्पना आहे.

अनंत नरकाची कल्पना मात्र आम्हांस अद्याप पचत नाहीं. अल्पायुषी मनुष्याच्या पापास अंतच नसलेली शिक्षा, हें न्यायास धरून कसें? ही शंका खुद्द ख्रिस्ती विचारवंतांसहि सुटलेली नाहीं. तिसऱ्या शतकांतील ऑरिजेन यानें अंतीं सर्वांचाच उद्धार होईल अशी आशा व्यक्त केली होती. परंतु धर्मसभेनें ती मान्य केली नाहीं. आपला कर्मसिद्धांत आम्हांस अधिक समाधानकारक वाटतो, हें आम्ही लपवीत नाहीं.

परंतु शोकाचें घर ही वादाची जागा नव्हे. यंदा ईस्टरच्या दिवशीं त्या कन्येबरोबर आम्हीहि दफनभूमींत गेलों. तिनें पित्याच्या कबरेवर फुलें वाहिलीं. या खेपेस आम्ही आत्म्याविषयीं कांहीं बोललों नाहीं. "बाबा उठल्यावर प्रथम काय म्हणतील, असें तुला वाटतें?" एवढेंच विचारलें. ती त्या दिवसांनंतर प्रथमच हंसली, व म्हणाली, "म्हणतील, मुलांच्या वह्या तपासावयाच्या राहिल्या."

शेजाऱ्याच्या घरीं समाचारास जातांना आपलें सांत्वन त्याच्या गळीं उतरविण्यापूर्वीं त्याची आशा कोणती आहे हें एकदां विचारावें. आमच्या हातून हें उशिरां घडलें. वाचकांच्या हातून वेळेवर घडो.