मोतीचा तोल का गेला?

नागपूरच्या इतवारीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडणे कठीण असते. त्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते, बडगे निघतात, आणि रस्ते माणसांनी फुलून जातात. अशाच एका मारबतीच्या दिवशी सकाळी, सराफा बाजारामागील गल्लीत राहणाऱ्या माझ्या मामाजींचा कुत्रा मोती अंगणात धाडकन पडला.

मोतीचे वय १३ वर्षे. आदल्या रात्री तो नेहमीसारखा पोळी खाऊन झोपला होता. सकाळी उठू लागला तर त्याचे चारही पाय फाकले आणि तो डाव्या कुशीवर कोसळला. पुन्हा उठला, पुन्हा डावीकडेच पडला. मान डावीकडे वाकडी झाली होती. तोंडातून लाळ गळत होती, आणि थोड्या वेळाने उलटीही झाली.

"लकवा मारला याले," मामाजी म्हणाले.

शेजारचे काका दारातून डोकावले. "तेरा वर्षांचा झाला जी तो. मिरवणूक सरली की डॉक्टरले बोलवा अन् सुई देऊन टाका. कायले हाल करता त्याचे?"

घरात कोणीच काही बोलले नाही. मामींना मात्र लाळ पाहून वेगळीच भीती वाटत होती. ती भीती अनाठायी नव्हती. कुत्रा अचानक झोकांड्या खाऊ लागला आणि लाळ गाळू लागला, तर आपल्या देशात पहिला विचार रेबीजचा करावा लागतो. मोतीला दरवर्षी लस टोचलेली होती व तसे कार्ड घरात होते, म्हणून निभावले. लसीची खात्री नसेल तर अशा कुत्र्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नये. तो चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ती जागा साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस टोचून घ्यावी. लस दिलेला कुत्रासुद्धा घाबरला की चावतो, हेही ध्यानात ठेवावे.

मिरवणुकीमुळे संध्याकाळपर्यंत डॉक्टर येणे शक्य नव्हते. मामाजींची नात इयत्ता नववीत शिकते. ती वही घेऊन मोतीपासून हातभर अंतरावर बसली आणि जे दिसेल ते वेळेसह लिहू लागली. तिच्या वहीतील तीन नोंदी अशा होत्या: 'हाक मारली की कान हलवतो, शेपटी हलवतो.' 'चारही पायांनी जोर लावतो, पण दर वेळी डावीकडे पडतो.' 'दोन्ही डोळे सावकाश डावीकडे सरकतात आणि झटक्याने उजवीकडे परत येतात. थांबतच नाहीत.'

या तिसऱ्या नोंदीत मोतीच्या दुखण्याची किल्ली होती. ती समजण्यासाठी आपल्याला कानात शिरावे लागेल.

बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण हे कानाचे तीन भाग तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकला आहात. अंतर्कर्णात ऐकण्याच्या इंद्रियाला लागूनच तोल सांभाळणारे इंद्रिय असते. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशी एकमेकींशी काटकोनात मिळतात, तशाच या तीन नलिका तीन दिशांना असतात. त्यांच्यात द्रव भरलेला असतो. त्यांच्या बुडाशी दोन लहान पिशव्या असतात व त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. वर कोणते आणि खाली कोणते, हे या स्फटिकांच्या वजनामुळे कळते. डोके वळले की ते नलिकांतील द्रवामुळे कळते.

एक सोपा प्रयोग करून पाहा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या व त्यावर चिमूटभर चहाची पत्ती टाका. पेला हातात धरून झटकन फिरवा. पेला फिरतो, पण पत्ती प्रथम जागच्या जागीच राहते. फिरवत राहिलात तर पाणीही फिरू लागते. आता पेला एकदम थांबवा. पाणी मात्र फिरतच राहते! नलिकेतील द्रव असाच मागे राहतो आणि तेथील पेशींच्या केसांसारख्या तंतूंना वाकवतो. फुगडी थांबल्यावरही अंगण फिरताना दिसते, त्याचे कारण हेच.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा आहे. या पानावरची ओळ वाचता वाचता मान भराभर डावी-उजवीकडे हलवा. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून मासिक तितक्याच वेगाने हलवा. अक्षरे पुसट होतात. डोके हलते तेव्हा अंतर्कर्ण क्षणार्धात डोळ्यांच्या स्नायूंना उलट दिशेने वळण्याची सूचना देत असतो. मासिक हलते तेव्हा त्याला काहीच कळत नाही.

आता मोतीकडे वळू. इतवारीतल्या कोणत्याही जुन्या दुकानात तराजू पाहायला मिळतो. दोन पारड्यांत सारखे वजन असले की दांडी आडवी राहते. आपले दोन अंतर्कर्ण म्हणजे अशीच दोन पारडी. डोके स्थिर असतानाही दोन्ही बाजूंकडून मेंदूकडे संदेशांचा सारखा प्रवाह चालू असतो. डोके उजवीकडे वळले की उजवीकडचे संदेश वाढतात आणि डावीकडचे कमी होतात. मेंदू दोहोंतील फरक मोजतो. मोतीच्या डाव्या अंतर्कर्णाचे संदेश एका रात्रीत जवळजवळ बंद पडले. उजव्या बाजूचे चालूच होते. मेंदूने फरक मोजला आणि निष्कर्ष काढला की डोके उजवीकडे गरगर फिरत आहे! मग त्याने डोळे डावीकडे सरकवले, ते टोकाला पोचताच झटक्याने परत आणले, आणि पुन्हा तेच. तराजूची उपमा येथे सोडून द्यावी लागते, कारण तराजू जड बाजूला कलतो, तर कुत्र्याचे डोके मुक्या झालेल्या बाजूला कलते. त्या बाजूचे अंग सावरून धरणाऱ्या स्नायूंचा ताठपणा कमी होतो व निरोगी बाजू शरीराला तिकडे ढकलते. लाळ आणि उलटी ही बोट लागल्यासारखी लक्षणे होत.

तोलाचा संबंध कानाशी आहे हे माणसाला फार उशिरा कळले. फ्रान्समधील फ्लूरान्स या शास्त्रज्ञाने १८२०च्या दशकात कबुतरांच्या अर्धवर्तुळाकार नलिका छेदून पाहिल्या. कबुतरांना ऐकू येत होते, पण जी नलिका छेदली तिच्या पातळीत त्यांचे डोके डोलू लागले. पुढे व्हिएन्नातील डॉक्टर रॉबर्ट बारानी कान धुताना रुग्णांना चक्कर का येते याचा शोध घेऊ लागले. पाणी फार गार किंवा फार गरम असले की रुग्णांचे डोळे मोतीसारखे हलत. या संशोधनासाठी त्यांना १९१४चे नोबेल पारितोषिक मिळाले. ती बातमी आली तेव्हा ते रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते! (हा प्रयोग घरी मुळीच करू नये.)

संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी आधी वही वाचली, मग कानात उपकरण घालून पाहिले. पू नव्हता, पडदा शाबूत होता. मोतीला आधार देऊन उभे केले व त्याचा एकेक पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला. मोतीने प्रत्येक पंजा लगेच सरळ केला. मेंदूला इजा असती तर याला वेळ लागला असता. डोळे वरखाली हलणे, गुंगी येणे, पाय लुळे पडणे किंवा झटके येणे, ही लक्षणेही मेंदूच्या दुखण्याकडे बोट दाखवतात. अशा वेळी तासभरही थांबू नये. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८पासून आहे व तेथे चिकित्सालयही आहे.

"याला लकवा नाही," डॉक्टर म्हणाले. "सुईही नको. तीन दिवस थांबा."

म्हाताऱ्या कुत्र्यांना होणारा हा विकार पशुवैद्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तो एकाएकी का होतो, हे अजून कोणालाही सांगता आलेले नाही. तो लवकर बरा करील असे औषधही नाही. मळमळ थांबवणारी औषधे देतात, पाणी कमी पडले तर सलाईन लावतात. बाकी काम घरच्यांचे.

मामाजींनी दुकानातली गोणपाटे आणून फरशीवर अंथरली, कारण गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात. जिन्याच्या तोंडाशी पाट आडवा लावला. लघवीला नेताना पोटाखालून टॉवेल घालून दोघांनी धरायचे. उचलताना एकदम उचलायचे नाही, कारण चक्कर वाढते. कुशीवर पडलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून त्याला पोटावर बसवून उथळ ताटलीतून पाणी पाजायचे. दर काही तासांनी कूस बदलायची. मामींनी लसणीचे तेल कोमट करून ठेवले होते. ते कानात घालू नका, असे डॉक्टरांनी बजावले. पडदा फाटलेला असेल तर कानात टाकलेले औषध थेट आत जाते. जेंटामायसिनसारखी काही औषधे तर अंतर्कर्णाच्या पेशीच मारतात. माणसांच्या चक्करेच्या गोळ्याही आपल्या मनाने देऊ नयेत.

दुसरा दिवस वाईट गेला. मोतीने काही खाल्ले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी नातीने लिहिले: 'डोळे हळू हलतात. मध्येच थांबतात.' संध्याकाळी तो हातातून दूधभात चाटू लागला. आठव्या दिवशी भिंतीला अंग घासत अंगणात गेला. शेजारच्या काकांनी ते पाहिले आणि घरून पोळी आणून दिली.

सर्वसाधारणपणे ७२ तासांत सुधारणा दिसू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत कुत्रा पूर्ववत चालतो. तराजूचे एक पारडे हलके असले तर दुकानदार त्यात पासंग घालून दांडी सरळ करतो. मेंदूही तेच करतो. मुक्या बाजूची उणीव तो हिशेबात धरतो आणि डोळ्यांकडून व पायांकडून येणाऱ्या माहितीवर अधिक विसंबतो. म्हणून अशा कुत्र्याला कोंडून न ठेवता, आधार देऊन रोज थोडे चालवावे. त्याशिवाय हा पासंग नीट बसत नाही. तीन दिवसांत काहीच फरक पडला नाही, तर मात्र पुन्हा डॉक्टरांना दाखवावे. मध्यकर्णाचा जंतुसंसर्ग किंवा गलग्रंथीचा विकार आहे का, तेही तपासावे लागते.

मोतीची मान अजून किंचित डावीकडे कललेली असते. ती आता तशीच राहील. दिवसा तो गल्लीभर फिरतो, पण रात्री वीज गेली की जेथे असेल तेथे पाय फाकवून उभा राहतो आणि कोणी दिवा आणीपर्यंत हलत नाही. मामींनी त्याच्यासाठी कोनाड्यात एक कंदील भरून ठेवला आहे.