तीस ग्रॅमचा चेंडू

सॉफ्ट टेनिसच्या चेंडूत खेळण्याआधी हवा भरावी लागते. सुई लावलेला छोटा पंप असतो. हवा भरली की चेंडू दीड मीटर उंचीवरून कोर्टवर सोडून बघतात. तो सत्तर ते ऐंशी सेंटिमीटर उसळला तर खेळायचा, नाहीतर पुन्हा पंप हातात घ्यायचा. आकारानं तो टेनिसच्या चेंडूएवढाच, पण वर लोकरी आवरण नाही. नुसतं पोकळ रबर, वजन 30-31 ग्रॅम, म्हणजे टेनिसच्या चेंडूच्या जेमतेम निम्मं.

हा चेंडू गरजेतून आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानात लॉन टेनिस पोहोचलं, पण चेंडू परदेशातून मागवावे लागत आणि ते फार महाग पडत. मग शाळांनी रबरी चेंडूवर काम भागवलं. टोकियोच्या अध्यापक विद्यालयात शिकलेले शिक्षक जिथे नोकरीला गेले, तिथे हा खेळही गेला. पुढे टेनिसचे चेंडू सहज मिळू लागले, तरी रबरी चेंडू कुणी टाकून दिला नाही. जपानच्या माध्यमिक शाळांत आजही मुलं-मुली हौसेनं सॉफ्ट टेनिस खेळतात. कोरिया आणि तैवानमध्येही त्यानं मूळ धरलं.

याला टेनिसची सोपी आवृत्ती मानणं ही मोठी चूक ठरेल. कोर्ट तेच, पण जाळी मध्ये झुकलेली नसते. गुण पंधरा-तीस असे नव्हे, सरळ एक, दोन, तीन असे मोजतात. रॅकेटवर आदळताच चेंडू चपटा होतो, हवेत लवकर मंदावतो, त्यामुळे केवळ ताकदीवर गुण मिळत नाही. खालून कापत केलेली सर्व्हिस तर टप्पा पडल्यावर जमिनीलगतच राहते. समोरच्याला अक्षरशः वाकून चेंडू उचलावा लागतो.

दुहेरी हा या खेळाचा जीव. एक जण मागच्या रेषेवरून चेंडू परतवत राहतो, दुसरा जाळीजवळ संधीची वाट बघत उभा असतो. नऊपैकी पाच गेम जिंकणारी जोडी सामना घेते.

ऑलिम्पिकमध्ये सॉफ्ट टेनिस नाही. म्हणूनच आशियाई क्रीडास्पर्धेचं मोल इथे फार. 1990 मध्ये बीजिंगला कबड्डीला पहिल्यांदा पदकाचा मान मिळाला, त्याच स्पर्धेत सॉफ्ट टेनिस प्रदर्शनीय खेळ म्हणून दाखल झालं. चार वर्षांनी हिरोशिमात त्याला पदकं मिळाली, तीही फक्त दुहेरी आणि सांघिक गटांत. एकेरी आणि मिश्र दुहेरी 2002 मध्ये बुसानला आली.

खेळ जपानचा, पण वर्चस्व एकट्या जपानचं राहिलं नाही. 2014 मध्ये घरच्या इंचॉनमध्ये दक्षिण कोरियानं सातही सुवर्णपदकं नेली! कोरियन तरुणासाठी हे सुवर्ण केवळ मानाचं नसतं. तिथे पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे आणि आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्याला तिच्यातून मोठी सवलत मिळते. 2018 मध्ये पालेम्बांगला किम जिन-वूंगनं पुरुष एकेरी जिंकली, तेव्हा त्या अंतिम सामन्यावर पदकाइतकंच हेही ओझं होतं. त्या वर्षी गट सातावरून पाचावर आले. पुरुष आणि महिला दुहेरी वगळली गेली. जो खेळ जोडीवर उभा आहे, त्यातून नेमकी हीच पदकं जावीत, हे खटकतं.

भारतात 2022 च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत सॉफ्ट टेनिस होतं, मल्लखांब आणि खो-खोच्या बरोबरीनं. आशियाई क्रीडास्पर्धेत मात्र 2023 च्या हांगझोऊपर्यंत भारताला या खेळात पदक मिळालेलं नाही. टेनिसमधून इकडे येणाऱ्याला आधी हाताची सवय मोडावी लागते. टेनिसमध्ये फोरहँड एका बाजूनं आणि बॅकहँड दुसऱ्या बाजूनं मारतात. सॉफ्ट टेनिसचे खेळाडू दोन्ही फटके रॅकेटच्या एकाच बाजूनं मारतात. शाळेपासून तशीच मूठ धरणाऱ्या मुलांशी त्याची गाठ असते.