उपनगरांतील संसार आणि रुपेरी पडदा



गोंदियाहून निघालेली विदर्भ एक्सप्रेस रात्रभर धांवून मुंबईच्या जवळ येते, तेव्हां कल्याण आणि ठाणें यांच्या दरम्यान डोंबिवली हें स्टेशन लागतें. फलाटावरील गर्दी खिडकींतून क्षणभर दिसते आणि मागें पडते. त्या गर्दींतील एका माणसाच्या घरीं काय चाललें असेल, हें सांगणारा बोलपट म्हणजे २००५ सालचा ‘डोंबिवली फास्ट’. दिग्दर्शक या नात्यानें निशिकांत कामत यांची ही पहिलीच कृति. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला लाभला.

कथानक साधें आहे. माधव आपटे हा बँकेंतील सचोटीचा नोकर. पत्नी अलका, दोन मुलें, रोजची लोकल आणि रोजची कचेरी. या भूमिका संदीप कुलकर्णी व शिल्पा तुळसकर यांनीं केल्या आहेत. पदोपदीं दिसणारी लबाडी माधवला सोसवत नाहीं. तर ‘जगाप्रमाणें वागावें’ असा पत्नीचा आग्रह. अखेर छापील किंमतीहून अधिक पैसे मागणारा एक दुकानदार निमित्त होतो, आणि हा पापभीरु गृहस्थ बॅट हातीं घेऊन रस्त्यावर उतरतो. त्याचा शेवटहि लोकलच्या डब्यांतच होतो.

आतां विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, या संसारांत कोणी खलपुरुष नाहीं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या झाडीपट्टींत धानाची कापणी झाली कीं गांवोगांवीं मंडप पडतात आणि रात्रभर नाटकें रंगतात. कौटुंबिक कलह हा त्यांचा आवडता विषय. पण गांवांतील घरचें भांडण गांवाला ठाऊक असतें. कोणी वडीलधारा मध्यें पडतो, शेजारीण दोन शब्द सुनावते. उपनगरांतील बिऱ्हाडाचें दार मात्र बंद असतें. भिंतीला भिंत लागलेली, तरी मध्यें पडणारें कोणी नाहीं. त्यामुळें बाहेरचा संताप घरांत येतो, आणि तेथें वाट न मिळाल्यानें पुनः बाहेर फुटतो.

माधव योग्य कीं अयोग्य, हा वाद प्रेक्षक हिरीरीनें घालतात. कायदा हातीं घेणें समर्थनीय नाहीं, हें उघड आहे. परंतु अलकेची बाजू बहुधा कोणी मांडीत नाहीं. तिला तत्त्वें नकोत असें नव्हे. मुलांच्या शाळाप्रवेशाची चिंता तिच्या माथीं आहे. पतीला अन्याय दिसतो, तिला उद्यांचा दिवस दिसतो. दोघांचेंहि दिसणें खरें आहे. दुर्दैव एवढेंच कीं, तें एकमेकांस सांगण्यास त्यांच्यापाशीं वेळ उरलेला नाहीं.

हा बोलपट पाहून घरीं परतल्यावर माधवचा निवाडा करण्यापूर्वीं, कामावरून थकून आलेल्या आपल्या माणसाशीं घडीभर बोलावें. तक्रार सोडून दुसरें कांहीं बोलतां येतें का, हें पाहावें. संसार तुटतो तो त्या अबोल्यांत. बॅट फार नंतर हातीं येते.