बायोटेक? व्हाया गोठा!

पांढरा कोट, मायक्रोस्कोप आणि गारेगार लॅब... बायोटेक म्हटलं की डोळ्यांसमोर हेच येतं ना? पण याच बायोटेकची एक वाट शेणामातीतून जाते. नांदेडच्या विष्णुपुरीपासून उदगीरपर्यंत, त्या वाटेवरची ही एक चक्कर!

प्रत्येक ग्रुपमध्ये एखादा तरी ‘बायोटेकवाला’ असतोच. २००० नंतरच्या काही वर्षांत तर बायोटेकची अशी काही लाट आली होती, की बारावीला बायॉलॉजी घेतलेल्या ज्याला त्याला तोच कोर्स हवा होता. त्यातले काही खरंच संशोधनात रमले, काही फार्मा कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला लागले आणि काही आज तुमच्याच शेजारच्या क्युबिकलमध्ये बसून एक्सेल शीट भरतायत. हसू नका, खरं आहे!

याच बायोटेकचा एक चुलतभाऊ आहे. फारसा ग्लॅमरस नाही, पण तुमच्या सकाळच्या कॉफीतल्या दुधाशी त्याचा थेट संबंध आहे. त्याचं नाव ॲनिमल बायोटेक्नॉलॉजी. लॅबमध्ये डीएनए, पीसीआर, सेल कल्चर हे सगळं तेच. फरक एवढाच, की व्हेटर्नरी कॉलेजच्या दारानं आत गेलात तर लॅबच्या आधी गोठा लागतो.

विष्णुपुरीहून निघताना

नांदेड शहराबाहेर गोदावरीकाठी विष्णुपुरी आहे. शंकरराव चव्हाणांच्या नावाचा उपसा जलसिंचन प्रकल्प इथलाच. इंजिनीअरिंग कॉलेज इथं, मेडिकल कॉलेज इथं आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी सुरू झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही इथंच. विद्यापीठाच्या स्कूल ऑफ लाइफ सायन्सेसमध्ये बायोटेक्नॉलॉजी शिकता येते. पण ज्याला जनावरांवरच काम करायचंय, त्यानं काय करायचं? त्याला बॅग भरावी लागते. एक तर परभणी, नाही तर लातूर जिल्ह्यातलं उदगीर.

परभणीचं व्हेटर्नरी कॉलेज १९७२ चं, उदगीरचं १९८७ चं. आज दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठात, म्हणजे ‘माफसू’त येतात. हे विद्यापीठ २००० मध्ये सुरू झालं.

इथं येणारी बरीच मुलं ‘लातूर पॅटर्न’मधून घासून निघालेली असतात. दोन वर्षं क्लास, टेस्ट सिरीज, नीट... आणि शेवटी एमबीबीएस थोडक्यात हुकलेलं. मग ‘चला, बीव्हीएस्सी तर बीव्हीएस्सी!’ घरी नातेवाईक विचारतात, “म्हणजे ढोरांचा डॉक्टर का?” पहिलं वर्ष हाच प्रश्न झेलण्यात जातं. आणि मग एका पहाटे खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा चढवून गाईची तपासणी करायची वेळ येते. आतली वासराची हालचाल हाताला लागते. तिथं बऱ्याच जणांचं ‘सेकंड चॉइस’चं दुःख संपतं!

रस्त्यात भेटणारी दोन घराणी

आता विष्णुपुरीहून उदगीरला निघा. लोहा, कंधार, जळकोट असा रस्ता. यातल्या कंधारच्या नावावर एक गाय आहे: लाल कंधारी. गडद लाल रंग, आटोपशीर बांधा आणि उन्हातान्हात कामाला न हटणारे बैल. उदगीरच्या पुढे देवणी तालुका, आणि तिथली ती देवणी. तिच्यात पुन्हा तीन तऱ्हा. अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, ती वानेरा. जवळजवळ पांढरीशुभ्र, ती बालंक्या. पांढऱ्यावर काळे ठिपके, ती शेवरा. म्हणजे ज्या दोन जातींवर संशोधन करायचं, त्या कॉलेजला जायच्या रस्त्यातच भेटतात. इतका सोयीचा ‘सिलॅबस’ फार थोड्यांच्या नशिबी असतो!

पण दोघींची एक अडचण आहे. लाल कंधारी एका वेतात साधारण ६०० किलो दूध देते. देवणी त्याहून थोडी सरस. तिकडे अमेरिकेतली होल्स्टीन दहा हजार किलोच्या पुढे जाते. मग शेतकऱ्यानं लाल कंधारी का ठेवावी? तर बैलांसाठी. आणि बैलांचं काम आता ट्रॅक्टरनं घेतलंय. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत अजूनही जनावरांचा मोठा बाजार भरतो, ‘येळकोट येळकोट’च्या गजरात उत्तम खोंडांभोवती गर्दी होते. पण यात्रेतलं कौतुक वेगळं आणि वर्षभराचा कडबा-पेंडीचा हिशोब वेगळा.

संकरित गाय घ्यावी, तर दूध वाढतं, पण गोचीड ताप तिला जास्त छळतो. मराठवाड्याच्या उन्हात ती धापा टाकते. देशी गाय या दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी पचवते. हा चिवटपणा तिच्या जीन्समध्ये आहे. तो एकदा गेला की कुठल्याही मॉलमध्ये विकत मिळणार नाही. बायोटेकचं काम सुरू होतं ते इथं.

एका गाईची किती वासरं?

साधी गोष्ट आहे. वळू चांगला असेल, तर त्याच्या गोठीत रेतमात्रा गावोगावी पोहोचवता येतात. कृत्रिम रेतन आता खेड्यातल्या शेतकऱ्यालाही नवं नाही. पण चांगल्या गाईचं काय? ती वर्षाला एकच वासरू देणार, आयुष्यभरात आठ-दहा.

यावर उपाय दोन. पहिला, भ्रूण प्रत्यारोपण. निवडक गाईला हार्मोन देऊन एकाच माजात जास्त बीजं तयार करायची, उत्तम वळूच्या रेतमात्रेनं ती भरवायची आणि सातव्या दिवशी गर्भाशयातून भ्रूण अलगद धुऊन काढायचे. मग ते साध्यासुध्या गाईंच्या पोटात वाढवायचे. सरोगेट मदर म्हणा ना! दुसरा उपाय म्हणजे सरळ टेस्ट ट्यूब. अल्ट्रासाउंडच्या मदतीनं बीजकोशातून बीजांडं सुईनं ओढून घ्यायची, इनक्युबेटरमध्ये गाईच्या शरीराइतक्या तापमानाला ठेवायची, लॅबमध्ये फलित करायची आणि आठवडाभर वाढवून भ्रूण गाईत सोडायचा. लगेच नको असेल तर लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला.

ऐकायला मस्त वाटतं. प्रत्यक्षात हार्मोनची वेळ चुकली, गाय नेमक्या दिवशी माजावर आली नाही, लॅबची वीज गेली, की आठवड्याची मेहनत पाण्यात. बसवलेल्या भ्रूणांपैकी निम्मेही टिकले नाहीत, असं अनेकदा होतं. रविवार-दिवाळी गाईला कळत नाही. सातवा दिवस म्हणजे सातवा दिवस!

जगात याचं सगळ्यात भन्नाट उदाहरण ब्राझीलचं. आपल्याकडून गेलेल्या गीर आणि ओंगोल गाईंवर त्यांनी अख्खा उद्योग उभा केला. आंध्रातल्या नेल्लोरवरून नाव पडलेल्या त्यांच्या ‘नेलोर’ जातीतल्या एका गाईची किंमत २०२३ च्या लिलावात ४० लाख डॉलरच्या वर गेली. भाव होता तो तिच्या दुधाला नाही, तिच्या बीजांडांना! आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनं २००९ मध्ये क्लोन केलेलं म्हशीचं पारडू जन्माला घातलं. मार्च २०२३ मध्ये तिथंच ‘गंगा’ ही क्लोन केलेली गीर कालवड जन्मली.

मुलगीच हवी!

माणसांत गर्भलिंगनिदान हा गुन्हा. गोठ्यात मात्र चित्र उलटं, सगळ्यांना मुलगीच हवी! गाईगुरांत मादी वासरू देणाऱ्या एक्स शुक्राणूत वाय शुक्राणूपेक्षा जवळपास चार टक्के जास्त डीएनए असतो. चमकणारा रंग लावून लेझरखालून एकेक शुक्राणू सोडला, की मशीन हा फरक ओळखून दोघांना वेगळं करतं. अशा ‘सेक्स्ड सीमेन’मधून दहात नऊ वेळा कालवड मिळते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते याच कामासाठीचं देशी तंत्रज्ञान सुरू झालं. त्याच कार्यक्रमात ‘गौचिप’ आणि ‘महिषचिप’ही आल्या. जनावराचा डीएनए वाचून ते पुढे कसं निघेल, याचा अंदाज लहानपणीच देणाऱ्या या चिप. नाही तर वळू चांगला की वाईट, हे कळायला त्याच्या मुली दूध देईपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे पाच-सहा वर्षं!

दुधासाठी हे वरदानच. राज्यात २०१५ पासून बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे नको असलेल्या गोऱ्ह्याला सांभाळायचं कसं, हा शेतकऱ्यापुढचा रोजचा प्रश्न. पण जरा थांबा. लाल कंधारीची सारी ओळखच तिच्या बैलांत आहे. गोठ्यात गोऱ्हे जन्मलेच नाहीत, तर उद्याचा वळू निवडायचा कुणातून? आणि गावोगावी दोन-चारच ‘सुपरस्टार’ वळूंच्या रेतमात्रा गेल्या, तर दहा वर्षांनी सगळी वासरं एकमेकांची चुलत-मावस भावंडं! मशीन तुम्हाला हवं ते वाढवून देतं. काय वाढवायचं, हे मात्र ते सांगत नाही. दूध? चिवटपणा? की दोन्हीचा मेळ? हा निर्णय घ्यायला डीएनए वाचता यावा लागतो आणि गोठ्यातला कडब्याचा हिशोबही समजावा लागतो. व्हेटर्नरीचा विद्यार्थी हे दोन्ही एकाच आठवड्यात शिकत असतो.

लंपीनं दिलेला धडा

लसी हे या विषयाचं दुसरं मोठं अंग. २०२२ मध्ये राज्यात लंपीची लाट आली, जनावरांचे बाजार बंद पडले. सुरुवातीला हाताशी होती ती शेळ्यांच्या देवीची लस. दोन्ही विषाणू भाऊबंद असल्यानं तिचा उपयोग झाला. दरम्यान, हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी खुद्द लंपीच्या विषाणूपासून लस तयार केली. रांचीत २०१९ मध्ये सापडलेला विषाणू लॅबमधल्या पेशींवर तब्बल ५० वेळा वाढवत नेऊन त्याची धार बोथट केली. ऑगस्ट २०२२ मध्ये ही ‘लंपी-प्रोव्हॅकइंड’ जाहीर झाली. डिसेंबरात तिचं तंत्रज्ञान पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेकडेही आलं. रांचीच्याच विषाणूपासून बनलेल्या लसीला बाजारासाठी परवाना मिळाला तो २०२५ मध्ये. लॅबमधून गोठ्यात यायला लसीला किती वेळ लागतो, ते यावरून कळतं.

आणि पुणेकरांनो, थोडं क्रेडिट तुम्हालाही! आजची इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था १८८९ मध्ये सुरू झाली ती पुण्यातच, एका छोट्या प्रयोगशाळेच्या रूपात. पुढे ती मुक्तेश्वरच्या डोंगरात गेली. तेव्हाचा मुख्य शत्रू होता बुळकांडी. तो रोग २०११ मध्ये जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर असा समूळ गेलेला हा दुसराच रोग.

पण करिअर म्हणून?

खरं सांगायचं तर बॅचमधली बहुतेक मुलं एमपीएससी देऊन पशुधन विकास अधिकारी व्हायची स्वप्नं बघतात. सरकारी नोकरी, गाडी, घरचे खूश. संशोधनाकडे वळणारे थोडे. एमव्हीएस्सी, मग पीएचडी, म्हणजे तिशी लॅबमध्येच उजाडते. मित्रांच्या ईएमआयवर फ्लॅट होतात आणि तुम्ही फेलोशिपची वाट बघता. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार झाली, हा त्यातल्या त्यात दिलासा. पुढे लसी बनवणाऱ्या कंपन्या, भ्रूण प्रत्यारोपण केंद्रं, रेतन केंद्रं, विद्यापीठं असे पर्याय आहेत. आणि काहीच जमलं नाही, तरी हातात डॉक्टरची डिग्री असतेच. साध्या बायोटेकवाल्याकडे ही ‘इन्शुरन्स पॉलिसी’ नसते!

जायचंय? मग हे वाचा

• बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि नीटचा स्कोअर हवा.
• बीव्हीएस्सी अँड एएच : साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप.
• एमव्हीएस्सीसाठी बीव्हीएस्सी लागतेच. एमएस्सी बायोटेक करून तिथं शिरता येत नाही.
• केंद्राच्या मदतीनं चालणाऱ्या बायोटेकच्या जागांसाठी २०२० पासून ‘गॅट-बी’ ही परीक्षा घेतली जाऊ लागली.
• शेण, रक्त आणि पहाटे चारचा अलार्म यांची ॲलर्जी असेल तर आधीच विचार करा!

पुढच्या वीकेंडला गोवा-लोणावळा नको असेल, तर देवगिरी एक्स्प्रेस पकडून नांदेड गाठा. डिसेंबर-जानेवारीत माळेगावची यात्रा असेल तर उत्तमच. एखाद्या लाल कंधारी खोंडाच्या पाठीवरून हात फिरवा आणि त्याच्या मालकाला विचारा, पुढच्या वर्षी हाच वळू भरवणार की इंजेक्शनवाल्याला बोलावणार? उत्तर काहीही येवो, उदगीरच्या लॅबमध्ये बसलेल्या त्या मुलीला तेच हवं आहे. आणि हो, तिला ‘ढोरांची डॉक्टर’ म्हणालात, तर आता ती हसून ‘हो’ म्हणेल!